आफ्ट केबिनवाली क्रूझिंग यॉट घेताय? आधी गादी उचलून बघा

मिड-साइज क्रूझिंग यॉट म्हणजे साधारण ३४ ते ४२ फूट, दोघांना चालवता येईल आणि महिनोन्‌महिने राहता येईल अशी. या साइजची बोट बघायला गेलं की लोक आधी मागच्या, म्हणजे आफ्ट केबिनमध्ये डोकावतात, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं, म्हणून जाहिरातीत पहिला फोटो तिचाच, वाइड लेन्सने काढलेला, चार उशा रचलेल्या, सगळे दिवे लावलेले. फोटोत दोन गोष्टी मात्र कधीच दिसत नाहीत, गादीच्या वर किती जागा आहे आणि गादीच्या खाली काय आहे. बोटीतली निम्मी महत्त्वाची मशिनरी याच केबिनच्या खाली नाहीतर शेजारी असते, सुकाणूचा सगळा कारभार, इंजिनाची मागची बाजू, टाक्या, ऑटोपायलट. म्हणून ही केबिन नीट तपासली की बोट अर्धीअधिक तपासून होते, निदान माझा तरी असाच हिशोब असतो.

आधी प्रकार समजून घ्या कारण इथेच बरेच जण घोळ घालतात. एक म्हणजे आफ्ट कॉकपिट, म्हणजे बसायची, स्टिअरिंगची जागा अगदी मागे आणि झोपायची केबिन त्याच्या खाली सरकवलेली. दुसरा सेंटर कॉकपिट, म्हणजे कॉकपिट बोटीच्या मध्यावर आणि त्याच्या मागे आख्ख्या रुंदीची स्वतंत्र केबिन. आफ्ट कॉकपिटवाल्या बोटीत केबिनचं छत म्हणजे कॉकपिटची जमीन, त्यामुळे दारापाशी उभं राहता येतं पण बेडवर आत सरकलं की डोक्यावर जेमतेम हात-दीड हात जागा. सेंटर कॉकपिटमध्ये वर काहीच नसतं, त्यामुळे बेडवर ताठ बसता येतं, दोन्ही बाजूंनी उतरता येतं, कपाटं येतात, वर मोठं हॅच, म्हणजे छतातलं उघडणारं झाकण, येतं. ऐकायला सोपा निर्णय वाटतो, पण नाहीये.

सेंटर कॉकपिटची किंमत बोटीच्या इतर सगळ्या भागांतून वसूल होते. कॉकपिटखालून माणसाला मागे जायला वाट हवी म्हणून कॉकपिट उंच उचलावं लागतं, मग बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, उंच जाते, शिडाचं वजन वर जातं, बाजूने वारा जास्त लागतो, मरिनात, म्हणजे बोटी बांधायच्या बंदरात, बोट वळवताना ते लगेच जाणवतं. उंचावर बसल्यामुळे बोट डुलते ते पण जास्त जाणवतं. कॉकपिट आकाराने छोटं होतं, सहा जण गप्पा मारायला बसलेत असं काही होत नाही. पोहायला पाण्यात उतरायचं तर मागचा डेक ओलांडून शिडीने खाली जायचं. फायदेही आहेत, मागून येणारी लाट थेट अंगावर कोसळायची शक्यता कमी, आणि कॉकपिटखाली इंजिनाला चांगली खोली मिळते, दोन्ही बाजूंनी हात पोचतो, हे मला तरी बेडपेक्षा मोठं सुख वाटतं.

आता साइजचा मुद्दा. ४० फुटांच्या वर सेंटर कॉकपिट छान बसतं, ३८ ला ठीक, ३६ च्या खाली गेलं की डिझायनरला कुठेतरी लबाडी करावीच लागते. बहुतेक वेळा ती लबाडी त्या आतल्या वाटेत असते. प्लॅनवर लिहिलेलं असतं की सलूनमधून, म्हणजे बोटीतल्या बैठकीच्या खोलीतून, केबिनमध्ये चालत जाता येतं, प्रत्यक्षात कमरेत वाकून, एक खांदा पुढे करून जावं लागतं. रात्री झोपेत, बोट हलत असताना ती वाट कशी वाटेल याचा विचार करून दोनदा ये-जा करून बघा. जुन्या काही बोटींना तर आतून वाटच नाही, कॉकपिटमधून वर येऊन परत मागच्या दाराने खाली उतरायचं, पावसात सुद्धा. पोरं किंवा पाहुणे मागे झोपणार असतील तर ही प्रायव्हसी कोणाला आवडेलही, पण स्वतः रोज झोपणार असाल तर नको.

नावं हवी असतील तर, सेकंडहँड बाजारात हा प्रकार खूप आहे. स्वीडनची हॉलबर्ग-रासी कंपनी या स्टाइलसाठी प्रसिद्ध, ओले एंडर्लाइन यांनी डिझाइन केलेली त्यांची रासमुस ३५ १९६७ मध्ये आली, सेंटर कॉकपिट, पुढे काचेचा विंडस्क्रीन, मागे केबिन, नंतरची ३५२ पण त्याच वळणाची. ब्रिटनमध्ये बिल डिक्सन यांच्या डिझाइनची मूडी ३७६, एड ड्यूबॉइस यांची वेस्टर्ली कोर्सेअर. अमेरिकेची मॉर्गन आउट आयलंड ४१, कॅनडाची व्हिटबी ४२ जरा जड आणि सावकाश पण आत घरासारखी ऐसपैस. जर्मन बवेरिया ३८ ओशन किंवा फ्रेंच बेनेतोची ओशिआनिस ३६ सीसी (म्हणजे सेंटर कॉकपिट) त्यामानाने हलक्या. नवीन बोटींमध्ये मात्र ४० फुटांच्या आत सेंटर कॉकपिट आता क्वचितच दिसतं, कारण बोटींचा मागचा भागच इतका रुंद झालाय की आफ्ट कॉकपिटखाली पण बऱ्यापैकी डबल बेड बसतो.

आणि आफ्ट कॉकपिटवाली घेणार असाल तर एक गोष्ट नक्की विचारा, लेआउट चार्टरचा, म्हणजे भाड्याने द्यायच्या बोटीचा, आहे का ओनरचा. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही मिळतात. चार्टरच्या लेआउटमध्ये मागे दोन सारख्या केबिन, मध्ये भिंत, दोन्ही अरुंद. ओनरच्या लेआउटमध्ये एका बाजूला एकच मोठी केबिन आणि दुसऱ्या बाजूला मोठा लॉकर किंवा मोठं बाथरूम. दोघंच राहणार असाल तर तिसरी केबिन ही शेवटी सामानाची कोठीच होते, मग सरळ लॉकर असलेला बरा, निदान त्याचं दार बाहेरून उघडतं आणि ओली शिडं, दोऱ्या आत आणाव्या लागत नाहीत.

आता झोपून बघायचा कार्यक्रम. लाजू नका, बूट काढा आणि दोघंही आडवे व्हा, एकटा नाही, दोघं. लांबी २ मीटर हवी, आणि ती गादीच्या मध्यावर मोजू नका, तुमचे पाय जिथे येतात तिथे मोजा, कारण बोटीच्या आकारामुळे बेड एका टोकाला निमुळता होतो. खांद्यापाशी १४० सेंटिमीटरच्या खाली रुंदी असेल तर दोन मोठी माणसं एकमेकांना रात्रभर ढोपरं मारणार. मग उठून बसा. गादीपासून छतापर्यंत साधारण ९५ सेंटिमीटर असेल तर बसून वाचता येतं, नाहीतर टेकून, मान वाकडी करून. मग आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाने दुसऱ्याला न उठवता बाहेर यायचा प्रयत्न करा, नांगर सरकल्याचा अलार्म रात्री तीनला वाजतो तेव्हा हेच करायचं असतं, आणि जो आत अडकलेला असतो तोच नेमका नांगर बघणारा निघतो.

बेडची दिशा पण बघा. बोटीच्या लांबीला समांतर असलेला बेड सगळ्यात चांगला. काही ठिकाणी जागा वाचवायला आडवा टाकलेला असतो, म्हणजे डोकं एका बाजूच्या भिंतीकडे आणि पाय दुसऱ्या. नांगरावर बोट या बाजूवरून त्या बाजूवर डुलायला लागली की आडव्या बेडवर कधी पाय वर कधी डोकं वर, तासाभरात पोटात ढवळतं. मधोमध असलेला आयलंड बेड दिसायला झकास, चादर घालायला सोपा, पण समुद्रात बोट एका बाजूला कललेली असताना त्याच्यावर कोणीही टिकत नाही, धरायलाच काही नसतं.

आणि हेच मुख्य सांगायचंय, आफ्ट केबिन ही नांगरावरची आणि मरिनातली बेडरूम आहे, प्रवासातली नाही. रात्रीचा प्रवास असेल तर बोटीच्या मध्याजवळ, खाली, अरुंद जागेत झोपायचं असतं कारण तिथे बोट सगळ्यात कमी हलते. म्हणून मागची केबिन कितीही आवडली तरी सलूनमधले बाक बघितल्याशिवाय परत येऊ नका. निदान एक, जमलं तर दोन बाजूंना एकेक, सरळ, १.९ मीटरचा बाक हवा आणि त्याला ली क्लॉथ बांधायची सोय, म्हणजे ते कापड जे बाजूला ताणून बांधलं की माणूस खाली पडत नाही. हल्ली सलूनमध्ये वळणदार गोल सोफे टाकायची फॅशन आहे, पार्टीला उत्तम, त्याच्यावर माणूस पाय लांब करून झोपू शकत नाही. असा सोफा असेल आणि दोनतीन रात्रींचे पल्ले मारायचा विचार असेल तर ती बोट माझ्या यादीतून तिथेच बाद.

आवाज. यावर कोणी बोलत नाही आणि झोप उडते ती यानेच. मागचा भाग रुंद आणि सपाट असलेल्या बोटीत छोट्या लाटा मागून आल्या की बुडावर थपाथप बसतात आणि तुमचं डोकं नेमकं त्याच्या वर असतं. मरिनात मागची बाजू धक्क्याला लावून बांधली, वारा मागून, झालं, आख्खी रात्र कोणीतरी खालून ढोल वाजवतंय. शक्य असेल तर थोडा वारा असलेल्या दिवशी बोट पाण्यात असताना केबिनमध्ये जाऊन, दार लावून, दहा मिनिटं नुसतं पडून राहा. मागच्या खांबावर विंड जनरेटर बसवलेला असेल तर त्याचा हम्म आवाज खांबातून थेट बोटीच्या अंगात उतरतो, विकणाऱ्याला तो चालू करायला सांगा. फ्रिजचा कॉम्प्रेसर कुठे आहे ते बघा, पुष्कळदा बेडखालीच. ऑटोपायलटचा ड्राइव्ह पण इथेच असतो, दर काही सेकंदाला घुर्र-घुर्र, प्रवासात मागे झोप न लागायचं हे अजून एक कारण.

हवेचं गणित उलटं असतं हे पण लक्षात घ्या. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे वारा पुढच्या हॅचमधून मस्त आत येतो आणि मागच्या केबिनला मिळतो तो कॉकपिट, स्प्रे हूड म्हणजे पुढचा कापडी आडोसा, बिमिनी म्हणजे वरचं कापडी छत, या सगळ्यांनी अडवून उरलेला. गरम हवामानात पुढची छोटी केबिन थंड आणि मागची राजेशाही केबिन भट्टी, असं सर्रास होतं. तेव्हा वर उघडणारं मोठं हॅच, बाजूला किंवा कॉकपिटमध्ये उघडणाऱ्या दोन खिडक्या, आणि पंखे लावायला वायरिंग, हे तपासा. कॉकपिटमध्ये उघडणारी खिडकी समुद्रात चुकून उघडी राहिली तर कॉकपिटमध्ये आलेलं पाणी थेट गादीवर, त्यामुळे तिची पकड, रबर नीट आहे ना बघा. थंड हवामानात उलटा त्रास, गादीखाली ओल धरते. गादीच्या खाली सलग प्लायवुड असेल आणि त्यावर काळे डाग असतील तर समजून जा, खाली लाकडी पट्ट्या किंवा हवा खेळवणारी जाळी टाकावी लागेल. फोम निदान १० ते १२ सेंटिमीटर, त्याहून पातळ असेल तर नवीन गादी लागणार, आणि ती वेड्यावाकड्या आकारात कापून घ्यावी लागते हे खर्चात धरा.

वरच्या हॅचचं अजून एक काम असतं, आग लागली तर बाहेर पडायचं. इंजिन आणि गॅसची शेगडी दोन्ही तुमच्या आणि मुख्य दाराच्या मध्ये आहेत, त्यामुळे आफ्ट केबिनला स्वतःची दुसरी वाट हवीच. गोल नसलेल्या हॅचसाठी सध्याच्या स्टँडर्डमध्ये सगळ्यात अरुंद बाजू किमान ३८ सेंटिमीटर आणि मोकळी जागा किमान ०.१८ चौरस मीटर धरतात, पण कागदावरचं सोडा, तुम्ही स्वतः त्यातून बाहेर निघून दाखवा. आतून उघडतं का, त्याच्यावर डिंगी म्हणजे छोटी होडी किंवा लाइफराफ्ट म्हणजे जीवरक्षक तराफा बांधून ठेवलेलं नाही ना, आणि पाय ठेवायला खाली काही आहे का ते बघा.

आता गादी उचला. सगळे तुकडे काढा, फळ्या काढा, टॉर्च घ्या. आधी नाकाने बघा, डिझेलचा वास, सांडपाण्याच्या टाकीचा वास, कुजकट वास, तिन्ही वेगळे असतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर लावून ठेवलेला असेल तर परत एकदा, न सांगता या. मग सुकाणूचा दांडा शोधा, वर क्वाड्रंट, म्हणजे दांडा फिरवणारा चाकाचा तुकडा, त्याला व्हीलपासून येणाऱ्या वायर किंवा रॉड. सेंटर कॉकपिटमध्ये व्हील आणि सुकाणू यांच्यात अंतर जास्त, त्यामुळे वायरी लांब आणि पुली जास्त, प्रत्येक पुलीला हात लावून बघा, तुटलेले तंतू, गंज, ढिलेपणा. दुसऱ्या माणसाला व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. दांड्याच्या सीलपाशी पाण्याचे पांढरे ओघळ आहेत का?

मग विचारा, इमर्जन्सी टिलर, म्हणजे व्हील बंद पडलं तर सुकाणू फिरवायचा सुटा दांडा, कुठेय. बऱ्याच सेंटर कॉकपिट बोटींमध्ये तो बेडमधूनच वर येतो, म्हणजे व्हील तुटलं तर गादी बाजूला टाकून, केबिनमध्ये उभं राहून, बाहेरचं काहीही न दिसता कोणीतरी वरून ओरडून सांगेल तसं सुकाणू मारायचं. चालतं, पण एकदा खरंच लावून बघा, कपाटाच्या दाराला आपटतो का, पूर्ण वळतो का. काही बोटींत तो मिळतच नाही, नाहीतर मिळतो पण नट गंजून बसलेला.

खाली टाकी असेल तर ती बाहेर कशी काढणार हा प्रश्न विचारा. टाक्या आधी बसवून मग वर केबिन बांधलेली असते, गळायला लागल्यावर फर्निचर कापावं लागतं. बॅटऱ्या असतील तर त्या घट्ट बांधलेल्या आणि हवा बाहेर जायची वाट असलेल्या हव्यात. प्रॉपेलरच्या शाफ्टचं सील पण इथूनच दिसतं, तिथे हात पोचायला हवा. सेलड्राइव्ह, म्हणजे शाफ्टऐवजी बोटीच्या तळातून सरळ खाली जाणारा प्रॉपेलरचा पाय, असेल तर त्याचा रबरी डायफ्राम कधी बदलला ते बिलासकट विचारा, वोल्वो पेंटा दर ७ वर्षांनी बदलायला सांगते आणि पुष्कळ मालक ते ऐकल्यासारखं करत नाहीत.

केबिनच्या बाहेरची बोट पण बघायची असते अर्थात, थोडक्यात सांगतो. युरोपात जून १९९८ पासून विकलेल्या नवीन बोटींना कॅटेगरीची प्लेट असते, ए म्हणजे ब्यूफोर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा, बी म्हणजे त्याच्या आत. त्याआधीच्या बोटीला प्लेट नसते, म्हणून ती कमजोर असं नाही. बोट किती अंशांपर्यंत कलली तरी परत सरळ येते तो आकडा मागा, ए कॅटेगरीच्या ८ टनांच्या बोटीला किमान ११४ अंश लागतात, लांबच्या प्रवासाला १२० च्या पुढे असेल तर मला जास्त शांत झोप लागते. वेगाची फार अपेक्षा नको, पाण्यातली लांबी ३० फूट असेल तर हल स्पीड, म्हणजे बोटीचा साधारण कमाल वेग, ७.३ नॉटच्या आसपास, सरासरी ५ पडली तरी दिवसाला १२० सागरी मैल होतात.

कील, म्हणजे बोटीखालचं जड पातं, बोल्टने जोडलेली असेल तर बोट कधी खडकावर आपटली होती का हे सरळ विचारा, उत्तर लेखी मागा. २०१४ मध्ये चीकी रफीकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निसटून उलटली आणि चारही जण गेले, आणि ब्रिटिश तपासात आधी बोट तळाला लागणं आणि नंतरची दुरुस्ती यांनी जोड कमजोर झाला असण्याची शक्यता मांडली होती. आतून कीलच्या बोल्टभोवती, आणि तळातल्या आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर केसासारख्या भेगा बघा. हे काम शेवटी सर्व्हेअरचं, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचं, पण त्याला बोलवायच्या आधी तुम्हालाच दिसलं तर फी वाचते. डोलकाठीच्या तारा १० ते १२ वर्षांच्या वर गेल्या असतील तर विमावाले कटकट करतात, नवीन टाकायचा खर्च भावातून वजा करून घ्या. सागवानी डेक असेल आणि तो स्क्रूने ठोकलेला असेल तर मागच्या केबिनच्या छताला आतून ओल आहे का बघा, कारण तिथला प्रत्येक स्क्रू हे एक संभाव्य भोक आहे.

अजून एक, वजन. मागची केबिन मोठी म्हणजे तिथे कपाटं मोठी, आणि कपाट दिसलं की माणूस भरतो. त्यात मागे डेव्हिट्सवर, म्हणजे होडी टांगायच्या दांड्यांवर, डिंगी, तिचं इंजिन, सोलरची कमान, की बोट मागे बसते आणि चालायला जड होते. बांधलेल्या बोटीकडे धक्क्यावरून बाजूने बघा, पाण्याची रेषा मागे बुडालेली दिसली तर मालकाने आधीच भरपूर भरलंय, आणि तुमचं सामान अजून यायचंय.

सगळं पसंत पडलं तर ऑफर द्या पण सर्व्हे आणि सी ट्रायल (समुद्रात चालवून बघणं) या दोन्हींच्या अटीवर, लेखी. ट्रायलला सगळे कॉकपिटमध्ये फोटो काढत बसतात, तुम्ही निदान अर्धा तास मागच्या केबिनमध्ये घालवा. इंजिन नेहमीच्या प्रवासाच्या आरपीएमवर ठेवायला सांगा, दार लावा, मोबाइलवर डेसिबल मोजा, इंजिनाच्या भिंतीला हात लावा, गरम किती होते, थरथरते किती ते बघा. मग शिडं लावून बोट कलली की पुन्हा खाली जा, लाकडाचा करकर आवाज कुठून येतो, कपाटाचं दार आपोआप उघडतं का, दारापासून बेडपर्यंत धरायला कुठे कुठे कठडा आहे. आणि परत आल्यावर, बोट बांधून झाली की, गादी अजून एकदा उचला, सकाळी कोरडं होतं ते आता पण कोरडं आहे का ते बघायला.